ऑपरेशनमध्ये बाळाचं हृदय थांबवतात, म्हणजे नक्की काय करतात?

बाळाच्या हृदयाला छेद आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की आधी घरात रडारड होते. मग पैशांचा हिशोब होतो आणि मग संमतीच्या कागदावर सही करायची वेळ येते. त्या वेळी डॉक्टरांच्या तोंडून एक वाक्य येतं आणि अब्बूंचा हात तिथंच थबकतो: "ऑपरेशनच्या वेळी हृदय काही काळ थांबवावं लागेल." थांबवणार? मग बाळ जिवंत कसं राहणार? आणि पुन्हा सुरू झालंच नाही तर? अम्मी गप्प होते, दादी तस्बीह हातात घेते आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "अजून फार लहान आहे, थोडं मोठं होऊ द्या, मग बघू."

हा लेख मुख्यतः या शेवटच्या वाक्यासाठी लिहिला आहे. हृदय थांबवणं हा ऑपरेशनमधला अपघात नसतो, ते ठरवून आणि मोजूनमापून केलेलं काम असतं. थांबलेल्या वेळात हृदयाच्या स्नायूला इजा होऊ नये यासाठी डॉक्टरांनी गेली सत्तर वर्षं डोकं लावलं आहे. आणि "मोठं होऊ द्या" म्हटल्यानं हे काम बऱ्याचदा सोपं होत नाही, उलट अवघड होऊन बसतं.

थांबवावं का लागतं?

आधी एक खुलासा. हृदयाच्या प्रत्येक इलाजात हृदय थांबवत नाहीत. काही छेद मांडीच्या नसेतून छत्रीसारखं छोटं उपकरण नेऊन बंद करता येतात. काही ऑपरेशनं चालत्या हृदयावर होतात. पण दोन खालच्या कप्प्यांमधला मोठा छेद शिवायचा असेल, किंवा फॅलोट्स टेट्रॅलॉजी नावाचा आजार असेल, तर हृदय उघडून आत काम करावं लागतं. या आजारात मूल निळं पडतं, म्हणून लोक त्याला "निळं बाळ" म्हणतात. आता विचार करा, तान्ह्या बाळाचं हृदय त्याच्या स्वतःच्या मुठीएवढं. ते मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धडधडतं आणि आत रक्त भरलेलं असतं. त्यात केसाएवढ्या दोऱ्यानं ठिगळ शिवायचं आहे. हलत्या आणि रक्तानं भरलेल्या जागी हे जमणार नाही.

म्हणून आधी बाळाला हार्ट-लंग मशीनवर घेतात. शरीरातलं अशुद्ध रक्त नळीतून मशीनमध्ये येतं, तिथं त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि पंप ते परत महाधमनीत सोडतो. मेंदू, मूत्रपिंडं, यकृत या सगळ्यांना रक्त मिळत राहतं. "हृदय थांबलं म्हणजे मौत" हे आपण ऐकत आलोय ते यासाठी, की हृदय थांबलं की मेंदूचं रक्त थांबतं. इथं मेंदूचं रक्त थांबत नाही. मशीनचा हवाला ज्यांच्याकडे असतो त्यांना परफ्युजनिस्ट म्हणतात. घरच्यांना हे लोक दिसतही नाहीत, पण ऑपरेशनचा अर्धा भार त्यांच्या खांद्यावर असतो.

हे मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं १९५३ साली, अमेरिकेत, डॉ. जॉन गिबन यांच्या हातून. त्याच्या पुढच्याच वर्षी मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी मशीनऐवजी मुलाच्या बापाचं किंवा आईचं शरीर वापरलं. बाप शेजारच्या टेबलावर झोपलेला, त्याचं रक्त मुलात आणि मुलाचं रक्त त्याच्यात. अशी ४५ ऑपरेशनं झाली. अब्बू-अम्मी मुलासाठी काय करत नाहीत!

मशीनच्या बाबतीत आपल्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो, तो इथंच घेऊ. नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचं औषध द्यावंच लागतं, आणि जगात वापरलं जाणारं बरंचसं हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. जीव वाचवायचा आहे आणि दुसरा पर्याय हाताशी नाही, अशा मजबुरीत शरियतची सवलत आहे, असं बहुतेक उलेमा सांगतात. मूळ पदार्थ प्रक्रियेत पूर्ण बदलून गेला तर त्याचा हुकूमही बदलतो, असंही काही जण मांडतात. आपल्या भागातल्या जाणत्या मुफ्तीसाहेबांना आधीच विचारून घ्या आणि डॉक्टरांनाही विचारा. मात्र ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात हा वाद सुरू करू नका. ठिगळासाठी पुष्कळदा बाळाच्याच हृदयावरचं आवरण किंवा गाईगुरांच्या हृदयावरचं आवरण वापरतात. आणि ज्या द्रावणानं हृदय थांबवतात, ज्याबद्दल पुढं सांगतोय, त्यात मुख्यतः क्षार, पाणी आणि रक्त असतं.

हृदयाचं स्वतःचं रक्त

मशीन साऱ्या शरीराला रक्त देतं, पण एक अवयव सुटतो: खुद्द हृदय. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या दोन धमन्या महाधमनीच्या अगदी मुळापासून निघतात. आत कोरडं राहावं म्हणून सर्जन त्या मुळाच्या थोडं पुढं चिमटा लावतो. त्याला क्लॅम्प म्हणतात. चिमटा लागला की त्या दोन धमन्यांमध्ये जाणारं रक्त बंद. घड्याळ इथून सुरू होतं.

थोडं विषयांतर करतो. हृदयाचा स्नायू आतल्या कप्प्यात भरलेल्या रक्तावर जगत नाही, त्याच्या अंगात पसरलेल्या नसांमधून त्याचं पोषण होतं, हे तेराव्या शतकात लिहून ठेवलं ते दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि कैरोमध्ये काम केलेल्या इब्न अन-नफीस यांनी. इब्न सीनांच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्यांनी आणखी एक गोष्ट ठणकावून सांगितली होती: दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्रं नसतात, रक्त उजवीकडून डावीकडे फुफ्फुसांतून जातं. त्याआधी हजार वर्षं हकीम लोक गॅलनचं ऐकून पडद्यात अदृश्य छिद्रं आहेत असं मानत होते. निरोगी हृदयाबद्दल इब्न अन-नफीस बरोबर होते. ज्या बाळाच्या पडद्याला खरंच छिद्र राहून गेलंय, तिथं सर्जनचं काम सुरू होतं.

तर, चिमटा लागला. स्नायूला रक्त नाही, पण तो धडधडतोच आहे. म्हणजे कमाई बंद आणि खर्च चालू. असं चाललं तर थोड्याच वेळात शिल्लक संपते, पेशी सुजतात आणि मरायला लागतात. हृदयाच्या मेलेल्या पेशी कातडीसारख्या पुन्हा भरून येत नाहीत. उपाय एकच, खर्च बंद करायचा. धडधड थांबली की स्नायूची ऑक्सिजनची गरज जवळपास ९० टक्क्यांनी खाली येते. वरून थंड केलं की उरलेली गरज आणखी कमी होते. पुष्कळांना वाटतं की बर्फ हाच मुख्य इलाज आहे. तसं नाही. थांबवणं पहिलं, थंडी तिच्या मदतीला. उलट हृदयाभोवती बर्फाचा चुरा जास्त झाला तर शेजारून जाणारी, श्वासाच्या पडद्याला हलवणारी नस बधिर होऊ शकते आणि बाळ व्हेंटिलेटरवरून लवकर सुटत नाही.

थांबवण्याची किल्ली आहे पोटॅशियम, तेच जे केळ्यात आणि शहाळ्याच्या पाण्यात असतं. हृदयाची पेशी ठोका देते तेव्हा तिच्या भिंतीतून सोडियम आत धावतं आणि वीज तयार होते. भोवतालच्या पाण्यात पोटॅशियम वाढवलं की ही सोडियमची दारं उघडेनाशी होतात. मग हृदय सैल, पसरलेल्या अवस्थेत शांत होतं. आवळलेल्या मुठीसारखं थांबलं तर नुकसान. सैल हातासारखं थांबलं तर आराम.

ही कल्पना डेनिस मेलरोज यांनी १९५५ मध्ये लंडनमध्ये मांडली. पण त्यांच्या द्रावणात पोटॅशियम सायट्रेटचं प्रमाण फार जास्त होतं. हृदय थांबायचं, पण स्नायू जळाल्यासारखा व्हायचा. डॉक्टरांनी ती पद्धत टाकून दिली आणि पुढची दहा-पंधरा वर्षं नुसत्या थंडीवर किंवा चिमटा लावत-काढत काम चालवलं. त्याचेही वाईट अनुभव आले. ऑपरेशन नीट झालं, पण हृदय कडक होऊन बसलं, सुरूच झालं नाही, अशा घटनांना १९७२ मध्ये डॉ. डेंटन कूली यांनी "दगडी हृदय" असं नाव दिलं. त्याच दशकात प्रमाण कमी करून पोटॅशियम परत आलं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधलं द्रावण तेव्हाचंच, आणि भारतात ते अजून वापरात आहे. दवा तीच, मात्रा बदलली.

बाळाचं हृदय म्हणजे छोटं केलेलं मोठं हृदय नव्हे

दगडी हृदय कशानं होतं? मुख्यतः कॅल्शियमनं. स्नायू आवळण्यासाठी कॅल्शियम लागतं आणि सैल होण्यासाठी ते बाजूला सारावं लागतं. मोठ्या माणसाच्या पेशीत यासाठी आतच कोठारं असतात. तान्ह्या बाळाच्या पेशीत ही कोठारं अजून पुरती बांधलेली नसतात, म्हणून ती बाहेरच्या कॅल्शियमवर जास्त अवलंबून असते. रक्त बंद होऊन पुन्हा सुरू झालं की कॅल्शियम आत घुसतं आणि काढायला यंत्रणा अपुरी पडते.

बाळाची एक बाजू मात्र मजबूत आहे. त्याचं हृदय साखरेवर चालतं आणि साखरेचा साठाही स्नायूत भरपूर असतो. निरोगी नवजात हृदय ऑक्सिजनविना मोठ्या माणसाच्या हृदयापेक्षा जास्त तग धरू शकतं. पण आपल्यासमोर असलेलं बाळ निरोगी हृदयाचं नसतं. महिनोन् महिने निळं राहिलेल्या हृदयाची शिल्लक आधीच कमी झालेली असते.

मुलांसाठी खास विचार करून बनवलेल्या द्रावणांत आज सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो डेल निडो द्रावणाचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये डॉ. पेद्रो डेल निडो आणि सहकाऱ्यांनी ते तयार केलं. त्याचा नुस्खा घरातल्या माणसाला समजण्यासारखा आहे. थांबवायला पोटॅशियम. सोडियमची दारं बंदच राहावीत म्हणून लिग्नोकेन, तेच औषध जे दात काढताना हिरडी बधिर करायला डेंटिस्ट टोचतो. कॅल्शियमला अटकाव करायला मॅग्नेशियम. सूज उतरवायला मॅनिटॉल. साठणारं आम्ल मारायला सोडाबायकार्ब. आणि या चार भाग द्रावणात एक भाग ऑक्सिजनयुक्त रक्त. मात्रा किलोमागे २० मिली. म्हणजे आठ किलोच्या बाळाला १६० मिली, चहाच्या एका मोठ्या कपाएवढं. ते फ्रीजमधल्या पाण्याइतकं थंड करून, चिमट्याच्या अलीकडे घातलेल्या बारीक सुईतून, दाब सांभाळत हळूहळू सोडतात. घाईनं, जोरात सोडलं तर बाळाच्या नाजूक नसा गळतात आणि स्नायू सुजतो. मिनिटभरात मॉनिटरवरची नागमोडी रेघ सरळ होते.

याचा मोठा फायदा असा, की एकदा दिलेला डोस साधारण तास-दीड तास पुरतो. जुनी द्रावणं दर वीस-तीस मिनिटांनी पुन्हा द्यावी लागतात आणि प्रत्येक वेळी सर्जनचा हात थांबतो. एरवी मोठ्यांची औषधं अर्धी-पाव करून मुलांना देतात. इथं मुलांसाठी बनलेलं द्रावण पुढं मोठ्यांच्या बायपासमध्येही वापरलं जाऊ लागलं. तरी "तुमच्याकडे डेल निडो आहे का?" असं विचारून हॉस्पिटल निवडू नका. सेंट थॉमस द्रावणावर हात बसलेली अनुभवी टीम नव्या द्रावणाच्या नवख्या टीमपेक्षा बरी. मुलांची किती ऑपरेशनं इथं होतात आणि मुलांसाठी वेगळं आयसीयू आहे का, हे विचारा.

उशीर का महागात पडतो

निळ्या बाळाच्या हृदयात उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलताना उजवा कप्पा पैलवानाच्या दंडासारखा जाड होत जातो. दिसायला ताकद, पण आपल्या कामासाठी आफत. स्नायू जितका जाड, तितकं थंड द्रावण त्याच्या आतल्या थरापर्यंत पोचणं कठीण. दुसरं असं, की फुफ्फुसाला रक्त कमी पडतं म्हणून शरीर आपल्या आडवाटा तयार करतं, नव्या नसा फुटतात. चिमटा लावल्यावरही या आडवाटांनी कोमट रक्त हृदयात येत राहतं आणि घातलेलं द्रावण धुऊन नेतं. वय वाढेल तसा हा सगळा पसारा वाढतो.

म्हणून फॅलोट्स टेट्रॅलॉजीचं ऑपरेशन साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान करावं, असं आपल्याकडचे तज्ज्ञ सांगतात. मोठा छेद असेल तर त्याहून आधी. महाधमन्यांची अदलाबदल झालेली असेल तर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच. नेमकी वेळ बाळाची तब्येत बघून डॉक्टर ठरवतील. वजन वाढावं म्हणून किंवा सर्दी-ताप, खोकला उतरावा म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तर थांबायचंच. तारखेच्या दिवशी आलेला ताप "तारीख जाईल" म्हणून लपवणं हा बाळावर जुलूम आहे. आपल्या मनानं, तावीज आणि मन्नतीच्या भरवशावर वर्षं काढणं वेगळं. दुआ ऑपरेशनच्या तारखेसोबतही करता येते. आणि एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. मुलगी असेल, छातीवर व्रण राहील, पुढं निकाहचं काय, या विचारानंही काही घरांत तारखा पुढं ढकलल्या जातात. व्रण कुर्त्याखाली झाकला जातो.

पैसा हे कारण मात्र खरं आहे, आणि त्यावर रस्ते आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणी होते आणि हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुढं पाठवलं जातं. मदरशात किंवा खाजगी शाळेत जाणारं मूल यातून सुटण्याची शक्यता असते. तेव्हा जिल्हा रुग्णालयात जाऊन आपणच विचारायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं होतात. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. जकातीचा पैसा पात्र गरजू घराच्या इलाजासाठी देणाऱ्या संस्थाही आपल्याकडे आहेत. आधार, रेशन कार्ड आणि जन्मदाखला यांवरची नावं जुळतात का, ते आजच बघून ठेवा. कागदांवर "शेख" एकीकडे आणि "शैख" दुसरीकडे, यात आठवडे जातात.

रक्ताचीही तयारी ठेवा. आठ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साडेसहाशे मिलीच्या आसपास रक्त असतं. मशीनच्या नळ्या भरायलाच कितीतरी लागतं, म्हणून दात्याचं रक्त मिसळावं लागतं. मोहल्ल्यातल्या तरुणांना आधी सांगून ठेवलं तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

पुन्हा सुरू होताना

काम संपलं की सर्जन आतली हवा काढतो आणि चिमटा सोडतो. कोमट रक्त हृदयाच्या नसांत शिरतं, पोटॅशियम धुऊन जातं. आधी हृदय नुसतं थरथरतं, मग एक ठोका, मग दुसरा. बऱ्याचदा ते आपोआप सुरू होतं, कधी हलका शॉक द्यावा लागतो, कधी काही दिवस तारा लावून बाहेरच्या पेसमेकरनं चालवतात.

सगळ्यात नाजूक वेळ ही. दिवसभराच्या रोजानंतर इफ्तारला एकदम भरपेट जेवलं की पोट बिघडतं, तसं उपाशी स्नायूवर एकदम भरपूर ऑक्सिजन आणि कॅल्शियम आलं की नुकसान होतं. निळ्या बाळाला तर मशीनवर घेतानाही ऑक्सिजन बेताबेतानं वाढवतात, कारण त्याच्या पेशींना इतक्या ऑक्सिजनची सवयच नसते. चिमटा सोडल्यावरही काही काळ मशीन चालूच ठेवून हृदयाला रिकामं, बिनओझ्याचं धडधडू देतात.

मग बाळ आयसीयूत येतं आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात, "ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण आजची रात्र महत्त्वाची आहे." घरच्यांना वाटतं काहीतरी लपवतायत. लपवत नसतात. कितीही नीट सांभाळलं तरी थांबून सुरू झालेला स्नायू काही तास सुन्न असतो. ऑपरेशननंतर साधारण सहा ते बारा तासांत हृदयाची ताकद सगळ्यात कमी होते आणि मग हळूहळू वर येते. हात-पाय गार पडणं, लघवी कमी होणं, रक्तातलं लॅक्टेट वाढणं, यावर नर्स दर तासाला नजर ठेवते, ती याच कारणानं. सिरिंज पंपातून चालू असलेली तीन-चार औषधं हृदयाला या काळात हात देण्यासाठी असतात. कधी सुजलेल्या हृदयाला जागा मिळावी म्हणून छाती एक-दोन दिवस उघडी ठेवून वरून पडद्यानं झाकतात. पाहून काळीज फाटतं, पण त्याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर इको करतात आणि सोबतच्या डॉक्टरला म्हणतात, "फंक्शन चांगलं आहे." म्हणजे स्नायू जागा झाला, नीट आवळतोय आणि नीट सैल होतोय. मग एकेक पंप कमी होतो, श्वासाची नळी निघते आणि अम्मीला आत बोलावून विचारतात, दूध कधी पाजता येईल ते बघूया का?